चढावर घसरणारा क्लच

अण्णांनी मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा मला वाटलं, ती नवऱ्याला नेऊन द्यायची आहे. मी किल्ली घेऊन जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. मागून आवाज आला, "त्याला कुठे देतेस मा? त्याला गिअरची गाडी कुठे येते? तूच चालव."

अण्णा म्हणजे माझे सासरे. मी नागपूरची, नोकरीसाठी बंगळूरला आले आणि लग्न करून इथल्याच एका जुन्या मराठी घरात राहिले. या घरातली माणसं इथे इतक्या पिढ्यांपासून आहेत की, कधी आलात असं विचारलं तर ते एकमेकांकडे बघतात. मराठी बोलतात, पण त्यात कन्नड असं मिसळलेलं की सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही. थोडं म्हणायचं तर 'स्वल्प', ठीक आहे म्हणायचं तर 'सरी', मुलीबाळींना लाडाने हाक मारायची तर 'मा'. सासूबाईंना त्यांच्या धाकट्या नणंदा अक्का म्हणायच्या, म्हणून सगळं घरच अक्का म्हणतं, आणि मीही म्हणते.

घर बोम्मसंद्र्याच्या पुढे, होसूर रोडवरून आत. अण्णांनी सगळी नोकरी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये केली. मोटरसायकल त्यांनी तरुणपणी घेतलेली, साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, काळी. पोरं झाली, स्कूटर आली, मग कार आली आणि ती मागच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्या सीटवर मांजर व्यायचं. निवृत्त झाल्यावर अण्णांनी ती उघडली. इंजिनाचं काम हेब्बगोडीच्या एका मेकॅनिकने केलं, बाकीचं अण्णांनी स्वतः. सिलिंडर घासून मोठा केला, पिस्टन नवा, क्लचच्या प्लेट्स नव्या. टाकीवरची सोनेरी रेघसुद्धा त्यांनी हाताने ओढली.

आणि गाडी तयार झाली त्याच सुमाराला त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. माझ्या नवऱ्याने ते काही आठवडे खोडून टाकले. "आता या वयात पुरे, अण्णा," तो म्हणाला. मला वाटलं, घरात आवाज चढणार. अण्णा फक्त "सरी" म्हणाले. इतक्या सहज ते मानतील याचं मला नवल वाटलं, पण मी त्यावर पुढे विचार केला नाही.

गाडीचं रनिंग-इन मात्र व्हायला हवं होतं. नवा पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांशी घासून नीट बसेपर्यंत गाडी जपून चालवायची, याला रनिंग-इन म्हणतात. जपून म्हणजे कशी, इथे माझ्या गोंधळाला सुरुवात झाली. अण्णा म्हणाले, चाळिसाच्या वर न्यायची नाही. मेकॅनिक म्हणाला, फार हळू चालवाल तर इंजिन कण्हतं, ते जास्त वाईट, मोकळी सोडा. इंटरनेटवर जुन्या गाड्यांवाल्यांचा एक ग्रुप होता. तिथे एकाने लिहिलं होतं, पहिल्या दिवसापासून दामटा, आणि त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, दामटाल तर पिस्टन अडकून मराल. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दोन माणसांनी एकाच गोष्टीबद्दल उलट सांगितलं तर त्यातलं एक चूक ठरवता येतं अशी मला सवय. इथे सगळेच ठामपणे बोलत होते.

पहिल्या रविवारी सकाळी अण्णा माझ्या मागे बसले. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते रविवारी रिकामे असतात, शेडच्या गेटांवर एखादा वॉचमन आणि कुत्री तेवढी. निघण्याआधी त्यांनी मला शिकवलं की क्लच ओढून धरायचा आणि इंजिन बंद असतानाच किकवर दोन-चारदा पाय द्यायचा. उभ्या गाडीत क्लचच्या प्लेट्स तेलाने एकमेकींना चिकटतात, त्या अशा सुटतात. मी तसं केलं. गाडी दुसऱ्या की तिसऱ्या किकला सुरू झाली आणि तिचा तो दमदार, संथ आवाज अंगणात भरला. अक्का पदराला हात पुसत दारात आल्या आणि आत गेल्या.

"हळू सोड क्लच," अण्णा मागून म्हणाले. "स्वल्प. अजून स्वल्प. सरी."

मी कॉलेजात असताना मोटरसायकल चालवली होती, पण तो काळ वेगळा आणि ती गाडी वेगळी. ही जड होती आणि क्लचही जड. पण त्या सकाळी सगळं नीट झालं. आम्ही त्या रिकाम्या रस्त्यांवरून गोल गोल फिरलो. मध्येच अण्णा थांबायला सांगायचे, इंजिन थंड होऊ द्यायचे, आणि त्या वेळात कुठल्या शेडमध्ये पूर्वी काय बनायचं ते सांगायचे. दरवेळी ते उतरताना माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवायचे. हे मला नंतर आठवलं.

दोन-तीन रविवार असे गेले. मग मी एकटीच जायला लागले, कारण रनिंग-इनमध्ये वजन कमी असलेलं बरं, असं अण्णाच म्हणाले.

एका रविवारी रेल्वे लाइनवरच्या पुलाच्या चढावर मी थ्रॉटल पिळला, तर इंजिन गर्जलं आणि गाडी होती त्याच वेगात चालत राहिली. आणखी पिळला, आवाज आणखी वाढला, गाडी मात्र जणू दुसऱ्या कुणाची. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत बाजूने गेला. वर पोचेपर्यंत जळकट वास येत होता. पलीकडे उतारावर थांबून मी इंजिन बंद केलं आणि थोड्या वेळाने किक मारली, तर पाय पोकळीत गेल्यासारखा खाली गेला. इंजिन हललंच नाही.

बऱ्याच वेळाने, प्लेट्स निवल्यावर ती सुरू झाली आणि मी कशीबशी गाडी घरी आणली. अण्णा व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं.

"क्लच स्लिप होतोय," ते म्हणाले.

"का पण? प्लेट्स नव्या आहेत ना?"

"नव्या प्लेट्स स्वल्प स्लिप होतातच," असं म्हणून त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मला ते पटलं नाही. यंत्राबद्दल अण्णा असं मोघम कधी बोलत नसत. मिक्सरचं भांडं अडकलं तरी ते मला त्यामागचं कारण समजावून सांगायचे.

मी मेकॅनिककडे गेले. पन्नाशीचा, बोलका माणूस, माझ्याशी हिंदी-कन्नड मिसळून बोलायचा. त्याने इंजिनच्या डाव्या बाजूचं गोल झाकण उघडलं. आत क्लचच्या स्प्रिंगा, प्रत्येकीच्या डोक्यावर एक नट. हे नट घट्ट केले की स्प्रिंगा प्लेट्सना जोरात दाबतात, मग क्लच घसरत नाही. पण लिव्हर ओढायला जड जातो. ढिले केले की लिव्हर हलका, पण चढावर क्लच घसरतो. त्याने पाना लावला आणि थांबला.

"मॅडम, हे एवढं ढिलं मी ठेवलं नव्हतं."

"मग?"

त्याने डोकं खाजवलं. "थरथरीने फिरले असतील. सिंगल सिलिंडर आहे ना."

त्याने नट घट्ट केले. परत येताना क्लच जड होता, पण चढावर गाडी कशी निमूट वर गेली. घरी येऊन मी अण्णांना लिव्हर दाखवला. "आता बघा, बरोबर आहे ना?" त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "तू बघितलंस ना, मग बरोबर."

पुढच्या रविवारी क्लच पुन्हा घसरला.

आता मेकॅनिकच्या मनाला हे प्रकरण लागलं. त्याने आधी तेलावर संशय घेतला. कारचं तेल टाकलंत का, त्याने प्लेट्स घसरतात. मी नाही म्हटलं, तरी तेल बदललं. मग स्प्रिंगांवर घेतला. जुन्या आहेत, मेल्यात. नव्या स्प्रिंगा आणल्या. आठवड्याभराने नट पुन्हा ढिले. मग त्याने नट फिरूच नयेत म्हणून त्यांवर कसलं तरी चिकट औषध लावलं, आणि म्हणाला, "आता देव आला तरी फिरणार नाहीत."

ते फिरले नाहीतच. पण त्याच्या पुढच्या रविवारी मी पुलावर गेले आणि क्लच घसरला.

मी पुलाच्या कडेला गाडी लावून बसले. खालून एक मालगाडी चालली होती, लांबलचक, संपेना. मला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता, नुसतं काही कळत नव्हतं. झाकण उघडलेलं नाही, नट जिथल्या तिथे, तेल नवं, स्प्रिंगा नव्या. मग मी लिव्हर हलवून बघितला. क्लचच्या लिव्हरला सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागते, म्हणजे बोटभर ढिला हलतो आणि मग ताण येतो. ही चाल नव्हतीच. केबल तारेसारखी ताणलेली, म्हणजे मी हात न लावताही क्लच अर्धवट ओढलेलाच. केबलचा स्क्रू कुणीतरी पार बाहेरपर्यंत काढला होता. मी बोटांनी तो परत आत फिरवला, आणि गाडी चढायला लागली.

मेकॅनिक म्हणाला, "तुम्हीच फिरवला असेल, मॅडम. आणि राग मानू नका, पण तुम्ही क्लच अर्धा धरून चालवता. लेडीज लोकांना सवय असते. त्यानेच प्लेट्स जळतात."

मी राग मानला. पण मग घरी येताना सगळा वेळ माझं लक्ष माझ्या डाव्या हाताकडेच. बोटं लिव्हरवर आहेत का? मी नकळत दाबतेय का? सिग्नलला स्क्रूवर माझा हात गेला होता का? असं घोकत गेलं की माणसाला आपल्याच हाताची खात्री वाटेनाशी होते. त्या आठवड्यात ऑफिसात की-बोर्डवरसुद्धा मी डाव्या हाताकडे बघत होते.

नवरा म्हणाला, "विकून टाका. कोणीतरी हौशी घेईल."

अण्णा ताटावरून उठले. हात धुवायला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी, कामाच्या दिवशी, बेळ्ळंदूरला आमच्या ऑफिसच्या इमारतीतली वीज गेली. जनरेटरही चालेना. सगळ्यांना घरी जाऊन काम करायला सांगितलं. कॅबने रिंग रोडची ती सगळी गर्दी ओलांडून आम्ही होसूर रोडला लागलो. भर दुपार होती. बोम्मसंद्र्याच्या सिग्नलला, मेट्रोच्या खांबांच्या बाजूला, कॅब थांबली आणि खिडकीतून मला आमची मोटरसायकल दिसली.

पहिल्यांदा मनात आलं की ती चोरीला गेली. टाकीवरची सोनेरी रेघ मला चांगली ओळखता येत होती. मी काच खाली करून ओरडणार होते, तेवढ्यात चालवणाऱ्याची पाठ बघितली. राखाडी हाफ स्वेटर, उन्हातसुद्धा. अण्णा होते.

ते सिग्नलला थांबायला आले आणि गाडीने एक गचका खाल्ला, पुढे उडी घेतली आणि बंद पडली. क्लच पूर्ण ओढला गेला नाही की असं होतं. ते दोन्ही पाय टेकवून उभे राहिले. मग त्यांनी डावा हात लिव्हरवर ठेवला, आणि उजवा हात आडवा नेऊन त्या डाव्या मुठीवर ठेवला, आणि दोन्ही हातांनी मिळून लिव्हर दाबला. पायाने न्यूट्रल केलं. हात सोडले. डावा हात त्यांनी दोनदा झटकला, पाणी लागल्यासारखा.

"किती जुनी गाडी आहे बघा, मॅडम," कॅबचा ड्रायव्हर म्हणाला. "छान ठेवलीय."

मी हो म्हटलं. दिवा हिरवा झाला. अण्णांनी किक मारली, पुन्हा दोन्ही हातांनी क्लच धरला, गिअर टाकला, उजवा हात झटकन थ्रॉटलवर नेला आणि गेले. डावीकडे, वसाहतीतल्या रस्त्याला.

मी घरी पोचल्यावर थोड्या वेळाने ते आले. गेटच्या बाहेरच इंजिन बंद करून गाडी ढकलत आत आणली. मी वरच्या खिडकीत होते. ताडपत्री घालून ते व्हरांड्यात आले तेव्हा मी खाली उतरले होते.

"आज बेग आलीस, मा?" त्यांनी विचारलं. लवकर आलीस, म्हणजे.

"वीज गेली ऑफिसात."

"सरी," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

त्यांना काय विचारायचं तेच मला समजेना. गाडी का काढली? न सांगता का? केबल तुम्ही ओढलीत का? की हाताला काय झालंय? यातला कुठला प्रश्न आधी येतो? मी आत स्वयंपाकघरात अक्कांकडे गेले. त्या कॉफी करत होत्या.

"अक्का, अण्णा गाडी काढतात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोलतेय. "रोज काढतात की. तू ऑफिसला गेलीस की. तुला ठाऊक नाही?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. मुलाला सांगायचं नाही म्हणून." त्यांनी गॅस बारीक केला. "मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघाल. मी कशाला मध्ये पडू?"

"आणि त्यांच्या हाताला काय झालंय?"

"बोटं गारठतात म्हणतात. थंडीने. सदऱ्याची बटणं मीच लावते हल्ली."

ती बटणं मी रोज बघत होते. सकाळी निघताना व्हरांड्यात अक्का त्यांच्यापुढे उभ्या राहून बटणं लावताना दिसायच्या, आणि मला ते त्या वयातलं प्रेम वाटायचं. नवऱ्याला मी एकदा ते कौतुकाने दाखवलंही होतं. कॉफी बाहेर नेली तेव्हा मी नीट बघितलं. अण्णा पूर्वी पेल्यातली कॉफी उंचावरून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून निववायचे, त्यांना ते फार आवडायचं. आता पेला तसाच ठेवला, निवेपर्यंत थांबले, आणि उजव्या हाताने उचलला. डावा हात मांडीवर उताणा पडून होता.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही. रविवारी सकाळी, अंगणात, मी ताडपत्री काढली आणि त्यांना बोलावलं.

"अण्णा, क्लच ओढून दाखवा जरा."

ते पायरी उतरले. मग गाडीजवळ आले. डावा हात लिव्हरवर ठेवला. बोटं वळली, लिव्हर निम्म्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मनगट थरथरत होतं.

"मी परवा तुम्हाला सिग्नलला बघितलं," मी म्हटलं.

"हौदा?" ते म्हणाले. असं का, म्हणजे. मग म्हणाले, "दोन्ही हात लावताना?"

"हो."

ते पायरीवर बसले. मीही शेजारी बसले.

"गेल्या वर्षापासून बोटं झोपतात," ते म्हणाले. "आधी सकाळी झोपायची. मग दिवसाही. मी म्हटलं, गाडी तयार होऊ दे, रोज क्लच ओढला की हाताला व्यायाम होईल. जोवर क्लच ओढता येतोय तोवर हात ठीक आहे."

"मग तो जड झाला."

"जड झाला म्हणून नट स्वल्प ढिले केले. तू घट्ट केलेस. मी पुन्हा ढिले केले." ते किंचित हसले. "मग त्याने ते औषध लावलं. मग नट हलेनात. म्हणून केबल ओढली. अर्ध्यात ओढला तरी सुटायला हवा ना क्लच."

"मला सांगायचं होतंत, अण्णा. मी वेडी व्हायची बाकी राहिले होते. मला वाटलं, माझाच हात बिघडलाय."

"सांगणार काय? हात जातोय म्हणून सांगू? मग तुम्ही म्हणाल डॉक्टर, डॉक्टर म्हणेल आणखी काही." ते माझ्याकडे वळले. "आणि मला वाटलं तुला कळलंय. नाहीतर एवढं ढिलं होताना बघून विचारलं नसतंस?"

अक्कांना वाटलं मला माहीत आहे, अण्णांना वाटलं मला कळलंय, मेकॅनिकला वाटलं मीच केलंय. आणि मी मात्र एका क्लचचं कारण इंटरनेटवर शोधत होते.

डॉक्टरांकडे त्यांना न्यायला पुढे फार वाद झाला नाही. मानेतल्या मणक्यांमध्ये हाताकडे जाणारी नस दबली होती. आणखी थांबला असतात तर हात गेलाच असता, असं ते तरुण डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू आम्ही दोघांनी मिळून काहीतरी लपवून ठेवलं होतं. मी म्हटलं, मला काही माहीत नव्हतं. त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. तेव्हापासून गाडीचा विषय निघाला की तो 'तुम्ही दोघं' असं म्हणतो.

मानेचं ऑपरेशन झालं. अण्णा कॉलर घालून व्हरांड्यात बसायला लागले. मेकॅनिकने क्लच पुन्हा उघडला. प्लेट्स काळ्या पडल्या होत्या. मी त्याला काय झालं ते सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला.

"म्हणजे सरच फिरवत होते?"

"हो."

"मग ते तेल चांगलंच होतं?" तो म्हणाला. माझ्या डाव्या हाताबद्दल जे बोलला होता त्याचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

नव्या प्लेट्स घालून मी उरलेलं रनिंग-इन पूर्ण केलं. रविवारी सकाळी वसाहतीत चकरा मारून परत आले की अण्णा गेटापाशी उभे. मान वळवता येत नव्हती म्हणून सगळं अंग वळवून इंजिनाकडे कान करायचे. "आवाज मऊ झाला," असं एकदा म्हणाले. मला फरक कळला नव्हता. मी हो म्हटलं.

हात परत आला, पण सगळा नाही. बटणं ते आता लावतात, वरचं एक सोडून. फिजिओथेरपीवालीने त्यांना दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो दाबून दाबून ते कंटाळले की अंगणात जाऊन लिव्हर ओढायचे. डॉक्टरांनी हळूहळू चालवायला हरकत नाही म्हटल्यावर प्रश्न आला की क्लच कुणासाठी लावायचा. मेकॅनिकने खाली, केबल जिथे जोडलेली असते तिथला दांडा लांब केला. त्याने लिव्हर हलका झाला, अण्णांना पूर्ण ओढता यायला लागला, आणि घसरत नाही. पण दांडा लांब झाल्यामुळे प्लेट्स पुरत्या सुटत नाहीत. थांबलेल्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये धरून ठेवलं तर ती पुढे सरकायला बघते, आणि सिग्नलला न्यूट्रल काही केल्या सापडत नाही.

"परत छोटा करू?" मेकॅनिकने विचारलं.

"हिला त्रास होतो," अण्णा म्हणाले.

"मला नाही होत," मी म्हटलं. होतो.

मागच्या रविवारी अण्णांनी गाडी काढली आणि मी मागे बसले. नवऱ्याला सांगून निघालो. वसाहतीतून बाहेर पडून होसूर रोडच्या सिग्नलला आलो आणि न्यूट्रल सापडेना. अण्णा पायाने वर-खाली करत होते, गाडी पुढे पुढे सरकत होती, पुढच्या रिक्षाला चाक लागायला आलं. "बंद करा, बंद करा," मी म्हटलं. त्यांनी इंजिन बंद केलं. तेवढ्यात हिरवा दिवा. मागे सगळे हॉर्न. अण्णांनी किक मारली, एकदा, दोनदा. मी उतरले आणि गाडी बाजूला घ्यायला हात लावला.

"थांब मा," ते म्हणाले. "तू मार."

ते उतरले, मी बसले. किक मारली, सुरू झाली. ते मागे बसले आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. मला वाटलं, घरी जायचंय. मी वळायला लागले तर ते म्हणाले, "इकडे कुठे? सरळ जा. पुलावर जाऊ."